मूळव्याधीला रबर बँड लावल्यानंतरचे पंधरा दिवस

मूळव्याधीच्या कोंबाला रबर बँड लावणं हे ओपीडीतलं काम. पूर्ण भूल नाही, टाके नाहीत, बहुतेकदा ॲडमिटही व्हावं लागत नाही. काही मिनिटांत उरकतं आणि माणूस आपल्या पायांनी घरी येतो. म्हणूनच पुढच्या काळजीकडे कानाडोळा होतो. पहिले दोन दिवस सगळेच जपतात, कारण तेव्हा दुखत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटायला लागतं, इसबगोलचा डबा कपाटात जातो, जेवण पूर्वीसारखं सुरू होतं. मग आठव्या-दहाव्या दिवशी संडासात अचानक लाल रक्त दिसतं आणि घरातल्या सगळ्यांची पाचावर धारण बसते. या उपचारात खरं जपायचं ते दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची. हा लेख त्यासाठीच.

यातला दिवसांचा हिशेब फक्त आतल्या मूळव्याधीला बँड लावलेल्यांसाठी आहे. कोंब कापून काढले असतील, स्टेपलर किंवा लेझर वापरलं असेल, तर जखम वेगळी आणि पथ्यही वेगळं. तिथे आपल्या सर्जनचंच ऐकावं.

आत काय घडत असतं

गुदद्वाराच्या आत थोड्या अंतरावर एक दातेरी रेषा असते. तिच्या खालच्या भागाला कातडीसारख्याच वेदना कळतात, वरच्या भागाला तशा कळत नाहीत. आतले कोंब या रेषेच्या वर असतात. डॉक्टर प्रॉक्टोस्कोप नावाची आखूड नळी घालून कोंब बघतात, तो ओढून किंवा शोषून घेतात आणि त्याच्या मुळाशी घट्ट रबरी कडं सरकवतात. अमेरिकन सर्जन बॅरन यांनी 1963 साली रबर बँडची ही रीत मांडली आणि आजही ती जगभर वापरली जाते.

बँड बसला की कोंबाचा रक्तपुरवठा तुटतो. कोंब सुकत जातो आणि साधारण 5 ते 10 दिवसांत बँडसकट गळून शौचातून निघून जातो. बहुतेकांना तो दिसतही नाही, आणि शोधत बसायची गरज नाही. तो गळतो तिथे एक छोटी उघडी जखम राहते. ती भरायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात, आणि भरताना जो व्रण तयार होतो तोच सैल पडलेलं अस्तर पुन्हा जागेवर धरून ठेवतो. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात आत नवी जखम असते, आणि तिच्यावरून मळ रोज जातो. मळाचा कठीण खडा झाला तर तो त्या जखमेला खरवडतो. बाकीचं सगळं पथ्य या एका गोष्टीभोवती फिरतं.

बँड लावण्याआधी सांगायच्या गोष्टी

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ‘ती तर हृदयाची गोळी, तिचा इथे काय संबंध’ असं वाटून ती सांगायची राहून जाते. संबंध फार जवळचा आहे, कारण उशिरा होणारा रक्तस्राव या गोळ्यांवर असलेल्यांत जास्त दिसतो. पण स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं. गोळी थांबवायची का, आणि पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, हे कागदावर लिहून घ्या. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगाला खाज सुटत असेल, ओठ सुजत असतील, तर तेही सांगा; बरेच बँड लेटेक्सचे असतात.

घरी येण्याआधीच तीन वस्तू आणून ठेवा: इसबगोलचं भुसं, साधी पॅरासिटामॉल आणि कोमट पाण्यात बसता येईल असा पसरट टब. कमोडवर बसणारं प्लॅस्टिकचं भांडं मेडिकलमध्ये मिळतं, गुडघे दुखणाऱ्यांना ते सोयीचं पडतं.

पहिला दिवस

बँड लावल्यावर लगेच उठून रिक्षात बसू नका. अर्धा तास तिथेच थांबा. काहींना घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं झाल्यावर ते थोड्या वेळात जातं. सोबत कुणीतरी असावं आणि गाडी त्यानेच चालवावी.

हा अर्धा तास आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. बँड त्या दातेरी रेषेच्या फार जवळ बसला असेल तर जोरदार, टोचणारी कळ लगेच सुरू होते. ती सहन करत घरी जाण्यात काही शौर्य नाही. तिथल्या तिथे सांगितलं तर डॉक्टर बँड काढून टाकू शकतात. आपल्याकडे, विशेषतः बायका, ‘असंच दुखत असेल’ म्हणून गप्प राहतात. कृपा करून गप्प राहू नका.

ठसठसणं, जडपणा आणि संडासला लागल्याची सततची भावना मात्र अपेक्षित आहे. आतला बँड आणि सुजलेला कोंब मळासारखाच जाणवतो, म्हणून शरीराची फसगत होते. संडासात जाऊन कुंथू नका. कुंथल्याने बँड वेळेआधी निसटू शकतो. पहिल्या दिवशी शौचाला झालं नाही तरी काही बिघडत नाही. कुशीवर पडून राहा, ती भावना आपोआप कमी होते.

जेवण हलकं घ्या: मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी, ताक. रात्री इसबगोल सुरू करा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. प्रौढ माणसाने 500 किंवा 650 मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांनी घ्यावी, 24 तासांत एकूण 3 ग्रॅमच्या वर जाऊ नये. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर आधी विचारा. मेडिकलमध्ये नुसती ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हटलं की पुष्कळदा पॅरासिटामॉलमध्ये डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिसळलेली गोळी हातात पडते. या औषधांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली नसतील तर पहिले दोन आठवडे टाळा. पाकीट उलटं करून घटक वाचा. ट्रामाडॉलसारख्या तेज गोळीने दुखणं थांबतं खरं, पण बद्धकोष्ठ होतं, आणि इथे नेमकं तेच नको असतं.

दुसरा ते पाचवा दिवस

पहिलं शौच बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी होतं. भीतीपोटी ते रोखून धरणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. रोखलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि तो अधिकच कडक होतो. खरी हाक आली की लगेच जा.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येत असेल तर उत्तम. कमोड असेल तर पायाखाली साधारण वीतभर उंचीचा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात, आणि किंचित पुढे झुका. तोंड उघडं ठेवून सावकाश श्वास सोडा; श्वास कोंडला की कुंथलं जातंच. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, फेरफटका मारा, पुन्हा हाक येईल तेव्हा जा. मोबाइल बाहेर ठेवा. बसकणीला आधार नसताना तिथे बराच वेळ बसून राहिलं की त्या शिरांत रक्त साचतं, आणि मूळव्याध मुळात तिथूनच बळावते.

धुताना जेट स्प्रेचा जोराचा फवारा नको. मगाने पाणी घ्या, साबण लावू नका, आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या. घासायचं नाही. जुन्या धुतलेल्या पंचाचे तुकडे यासाठी कोणत्याही टिश्यूपेक्षा चांगले.

मग टबात बसायचं. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलं तर सुखद वाटेल इतपतच. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाण्याचा अंदाज दुसऱ्या कुणाकडून घ्यावा, नाहीतर कळायच्या आत भाजतं. 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्यातलं एकदा शौचानंतर. पाण्यात मीठ, हळद, जंतुनाशक यातलं काही घालायची गरज नाही. गुण येतो तो उबेने, कारण ताठरलेला स्नायू उबेने सैल पडतो. उठताना सावकाश उठा, चक्कर येऊ शकते.

या दिवसांत पुसताना थोडं रक्त दिसणं, मळावर एखादी रेघ, शेवटी चार थेंब, हे चालतं. गुदद्वाराच्या कडेला अचानक निळसर, टणक, हात लावू न देणारी गाठ आली तर बाहेरच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. बँड लावल्यावर काही थोड्या जणांना ती होते. घाबरू नका, पण दाखवून घ्या.

इसबगोल, पाणी आणि ताट

मळ पिकल्या केळ्याइतका मऊ आणि तरीही बांधलेला हवा. पातळ जुलाबही चालत नाहीत, कारण दहा वेळा जाण्याने ती जागा सोलवटते. म्हणून सोनामुखीची चूर्णं, एरंडेल, ‘एका रात्रीत पोट साफ’ करणाऱ्या गोळ्या या पंधरवड्यात लांब ठेवा.

इसबगोल घ्यायची पद्धत बरेचजण चुकवतात. एक मोठा चमचा, म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम भुसं, मोठ्या पेलाभर पाण्यात टाकून ढवळायचं आणि फुगायच्या आत पिऊन टाकायचं. वर आणखी अर्धा पेला पाणी. कोरडं तोंडात टाकून वर घोट घेतला तर ते घशात फुगून अडकू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडं कुठे अरुंद झालंय त्यांनी घेऊच नये. सुरुवातीला रात्री एकदा, दोन-तीन दिवसांनी सकाळीही. पोट थोडं फुगेल, वारा सरेल, आठवड्यात ते सावरतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. दह्यात कालवून खायची आपल्याकडची रीत जुलाब थांबवण्यासाठी आहे. इथे पाणीच हवं. पाणी कमी पडलं तर हेच इसबगोल मळ घट्ट करतं. किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

तरीही मळ कडक असेल तर डॉक्टर लॅक्टुलोजसारखं पातळ औषध देतात. ते पोटातलं पाणी मळात खेचून घेतं आणि त्याला असर करायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून दोन दिवस शौच झालं नाही की तेव्हाच फोन करा, चौथ्या दिवसाची वाट बघू नका. अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही मळ घट्ट होतो. मूळव्याधीच्या रक्ताने हिमोग्लोबिन उतरलेल्यांना त्या लागतातच, तेव्हा गोळी बंद न करता मळ मऊ करणारं औषध मागून घ्या.

ताटाबद्दल: प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू हवेत. ज्वारीची भाकरी, कोंड्यासकट पिठाची पोळी, मेथी-चाकवत-पालक, मोड आणून चांगली शिजवलेली मटकी, सालासकट मूग, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका किंवा अंजीर, हे आपल्या घरातलंच आहे. एकदम सगळं वाढवू नका. पहिले तीन दिवस मऊ जेवण, मग भाकरी-उसळींकडे वळा. सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा असं नाव आहे, आणि भाजी म्हणून सुरण खायला काहीच हरकत नाही. नीट शिजवा आणि चिंच किंवा कोकम घाला, नाहीतर घसा खाजतो. ठेचा, मिसळीची तर्री, वडापावसोबतची सुकी चटणी मात्र थांबवा. तिखटाने कोंब होत नाहीत, पण उघड्या जखमेवरून तिखट गेलं की जी आग होते ती ज्याने भोगली त्यालाच ठाऊक.

उपवासाबद्दल वेगळं सांगायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तंतू नावालाही नाही. त्यात दिवसभर पाणी कमी आणि चहा जास्त. एका एकादशीने आठवड्याच्या मेहनतीवर पाणी पडतं. हे पंधरा दिवस उपवास सोडाच. अगदीच मन मानत नसेल तर रताळं, राजगिरा, फळं आणि ताक यांवर करा, पाणी मात्र नेहमीइतकंच हवं. निर्जळी उपवास तर नकोच.

सहावा ते चौदावा दिवस

इथे बरं वाटतं आणि इथेच गाफीलपणा नडतो. कोंब गळतो त्या दिवशी एकदा चमचा-दोन चमचे रक्त पडणं शक्य आहे. पाण्यात मिसळल्यावर ते फार वाटतं, सगळं भांडं लाल दिसतं. अशा वेळी धुऊन या, डाव्या कुशीवर आडवे व्हा, तासभर वाट बघा. पुढच्या वेळी रक्त कमी असेल तर तो अपेक्षित मार्ग आहे. क्वचितच, पण काहींना याच दिवसांत मोठा रक्तस्राव होतो. म्हणून या आठवड्यात रात्रभराच्या एसटी प्रवासाला, परदेशी विमानाला, दवाखाना दूर असलेल्या गावी लग्नाला जाऊ नका. बँडची तारीख ठरवतानाच पुढचे पंधरा दिवस कॅलेंडरवर बघून घ्या.

जड उचलणं बंद. गॅस सिलिंडर, पाण्याने भरलेला हंडा, धान्याचं पोतं, पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप, जिममधली वजनं, सगळंच. शेतकऱ्यांना हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण, याची मला जाणीव आहे. फवारणीचा हंगाम टाळून बँड लावून घेता आला तर तेवढं करा. कपालभाती, सूर्यनमस्कार आणि पोटावर जोर देणारी आसनं दोन आठवड्यांनी. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून, 20 ते 30 मिनिटं.

ऑफिसचं काम बहुतेकांना एक-दोन दिवसांत जमतं. पाऊण तासाने उठायचं. मधे भोक असलेली रबरी रिंग लोक हौसेने आणतात, पण तिच्यावर बसलं की मधला भाग लोंबकळतो आणि तिथे रक्त उतरतं. साधी सपाट मऊ उशी बरी. दुचाकीवर खड्ड्यांतून जाणं आठवडाभर टाळा. गुदद्वारातून काहीही आत घालायचं नाही: एनिमा नाही, सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची औषधाची वडी) डॉक्टरांनी दिली असेल तरच, आणि गुदसंभोग जखम पूर्ण भरल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही. स्टिरॉइड असलेलं मलम सलग आठवड्याच्या वर वापरू नका, कातडी पातळ होते.

डॉक्टरांकडे कधी धावायचं

ताप, वाढत जाणारं दुखणं आणि लघवी न होणं, ही तीन लक्षणं पाठ करून ठेवा. ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरायला लागला की हीच लक्षणं दिसतात. तो फार विरळा असतो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. तीनही एकत्र यायची वाट बघू नका. दुखणं दुसऱ्या दिवसानंतर उतरायला हवं. ते चढत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर कोमट पाण्यात बसून प्रयत्न करा, तरी होत नसेल तर जा. मधुमेह असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांनी तर क्षणाचाही विलंब लावू नये.

रक्ताच्या गाठी पडणं, मळ नसताना नुसतंच रक्त जाणं, एकामागून एक दोन-तीनदा भरपूर रक्त जाणं, किंवा रक्तासोबत चक्कर, छातीत धडधड, गार घाम, यातलं काहीही झालं तर स्वतः गाडी चालवू नका. महाराष्ट्रात 108 ला फोन करा, आणि चालू औषधांची यादी सोबत घ्या.

घरातल्या निदान एका माणसाला तुम्हाला काय केलंय आणि कधी केलंय हे ठाऊक असू द्या. लाजेपायी हे आजार लपवले जातात, आणि रात्री दोन वाजता चक्कर येऊन पडल्यावर घरच्यांना डॉक्टरांना सांगायलाही काही नसतं.

चार ते सहा आठवड्यांनी

तपासणीची तारीख बरं वाटतंय म्हणून चुकवू नका. कोंब एकापेक्षा जास्त असतात आणि डॉक्टर बहुतेकदा एका वेळी एक ते तीनच बँड लावतात. उरलेल्यांसाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा बोलावलं तर पहिला उपचार फसला असा त्याचा अर्थ नाही. काही वर्षांनी पुन्हा त्रास झाला तरी बँड पुन्हा लावता येतो.

जाताना चार गोष्टी लिहून न्या: शेवटचं रक्त कोणत्या दिवशी दिसलं, मळ रोज होतो का आणि कसा, काही बाहेर येतं का आणि आपोआप आत जातं की हाताने सारावं लागतं, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. महिन्यानंतरही रक्त दिसत असेल, वय 45 च्या पुढे असेल, जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची का, हे तुम्हीच विचारा. काळा, डांबरासारखा मळ हा तर मूळव्याधीचा नसतोच. तो पोटातल्या वरच्या भागातल्या रक्तस्रावाचा असू शकतो आणि त्यासाठी तपासणीच्या तारखेची वाट बघायची नसते, लगेच जायचं. इसबगोल त्या तपासणीपर्यंत चालू ठेवा आणि बंद करायचं की नाही हे तिथेच ठरवा.